शरीर शिकायचे तर शरीर हवे

शरीररचनाशास्त्र अवघड का जाते, याचे कारण बहुधा विद्यार्थ्याच्या पाठांतरात शोधले जाते. महाराष्ट्रातील वैद्यकीय शिक्षणाचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. मुंबईत १८२६ मध्ये डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली एतद्देशीयांसाठी वैद्यकशाळा निघाली. त्यांनी इंग्रजी ग्रंथ मराठीत आणले, म्हणजे परक्या शब्दांचा अडसर कमी झाला होता. तरीही १८३२ मध्ये शाळा बंद पडली. भाषेची सोय एकटी पुरली नाही. प्रत्यक्ष देहावर शिकण्याची वाट पुढे खुली झाली: १८३६ मध्ये कलकत्त्यात वैद्य मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केले. १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण इंग्रजीत, म्हणजे अधिक कठीण होते; पण तिथे विच्छेदन अभ्यासाचा भाग होते. १८५१ मध्ये भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग यांच्यासारखे पदवीधर याच महाविद्यालयातून बाहेर पडले. शरीर समजायला आधी शरीर मिळावे लागते आणि ते देणे समाजाच्या हाती असते.

यावर धर्माची हरकत सांगितली जाते. पण मृतदेह गवताने गुंडाळून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावा आणि मग थरामागून थर घासून काढत पाहावा, ही पद्धत सुश्रुतसंहितेनेच सांगितली आहे. विच्छेदनाची भीती केवळ आपलीही नव्हती. एडिनबरोत १८२८ मध्ये शरीरशास्त्राच्या वर्गाला प्रेते विकण्यासाठी खून झाल्याचे उघड झाले आणि १८३२ मध्ये ब्रिटनने कायदा करून बेवारस गरिबांचे देह शिक्षणासाठी खुले केले. मुंबई प्रांताचा १९४९ चा शरीररचना कायदाही बेवारस देहांवरच उभा राहिला. अडचण सुटली, पण तिचा भार ज्यांना संमती कधी विचारलीच गेली नाही, अशा निराधारांवर पडला. ही व्यवस्था कायदेशीर असली तरी न्याय्य म्हणता येत नाही.

आता त्रिमिती चित्रे आणि प्लास्टिकचे नमुने आले, मग देह कशाला, असा प्रश्न केला जातो. नावे आणि जागा लक्षात ठेवायला ही साधने उपयोगी आहेतच. पण नमुना एकच शरीर दाखवतो. प्रत्यक्षात रक्तवाहिन्यांच्या फांद्या माणसागणिक बदलतात आणि ऊतींचा चिवटपणा हातालाच कळतो. त्यातच वैद्यकीय पदवीच्या १९९७ च्या नियमावलीने, ज्यात शरीररचना शिकवली जाते तो पहिला टप्पा दीड वर्षावरून वर्षावर आणला. वेळ तुटपुंजा असताना टेबलाभोवती दाटी झाली, तर मागे उभ्या विद्यार्थ्याला नुसते ऐकावे लागते. ही गरज आपल्या जवळचीही आहे: यवतमाळला १९८९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. लोहाऱ्यासारख्या लगतच्या वस्तीला म्हणूनच हा विषय दूरचा नाही. या महाविद्यालयात शिकणारे डॉक्टर उद्या याच परिसरातल्या माणसांवर उपचार करतील. त्यामुळे लोहारा-यवतमाळकरांनी देहदानाचा विचार करावा, इच्छापत्र भरावे आणि घरच्यांना ते आताच सांगून ठेवावे, कारण अखेरचा निर्णय त्यांनाच अमलात आणायचा असतो.