पाऱ्यावर उतारा: सेलेनियमची कुळकथा

पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगचे क्लास चालवणाऱ्यांच्या जाहिरातीत ‘सेलेनियम’ हा शब्द हमखास ठळक असतो. हाताने क्लिक करकरून कंटाळलेला मॅन्युअल टेस्टर ऑटोमेशनकडे वळला, की बहुधा आधी याच दारात येतो. तिथे त्याला नावामागची गंमत सांगतात आणि लगेच जावाचा कोड लिहायला बसवतात. मधला इतिहास गाळला जातो, आणि मग हे साधन कधीकधी विचित्र का वागतं हे कोडं त्याला सुटत नाही.

गोष्ट २००४ ची, शिकागोची. थॉटवर्क्स या सल्लागार कंपनीत जेसन हगिन्स एका अंतर्गत वेब-अ‍ॅप्लिकेशनवर काम करत होते. कर्मचाऱ्यांनी कामाचे तास आणि खर्च त्यात नोंदवायचे, एवढाच त्याचा उपयोग. पण कोडमध्ये काहीही बदललं, की तेच फॉर्म वेगवेगळ्या ब्राउझरांत पुन्हा तपासावे लागत. हगिन्सनी त्यावर जावास्क्रिप्टमध्ये एक प्रोग्राम लिहिला. टेस्ट म्हणजे तीन रकान्यांचा साधा तक्ता होता: काय करायचं, पानावरच्या कशावर करायचं आणि कोणती किंमत भरायची. ब्राउझरच्या एका चौकटीत हा तक्ता, शेजारच्या चौकटीत अ‍ॅप्लिकेशन. बटन दाबलं की फॉर्ममधले रकाने आपोआप भरायला लागत. सहकाऱ्यांना ते पाहूनच भुरळ पडली, आणि थोड्याच काळात साधन ओपन सोर्स म्हणून सगळ्यांना खुलं झालं.

नावाची गंमतही याच सुमाराची. तेव्हा या बाजारात मर्क्युरी इंटरअ‍ॅक्टिव्ह कंपनीची महागडी साधनं जोरात होती. मर्क्युरी म्हणजे पारा. पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियमच्या गोळ्या चालतात, अशी कोपरखळी हगिन्सनी एका ईमेलमध्ये मारली आणि वाचणाऱ्यांनी तेच नाव उचललं. २००६ मध्ये ही मर्क्युरी एचपीने सुमारे साडेचार अब्ज डॉलरला विकत घेतली. उतारा मात्र फुकटच राहिला.

खरी कथा इथून पुढे आहे, आणि तिच्यातला खलनायक म्हणजे ब्राउझरचा एक नियम. एका ठिकाणाहून आलेल्या जावास्क्रिप्टने दुसऱ्या ठिकाणाहून आलेल्या पानाला हात लावायचा नाही, असा तो नियम. तो रास्तच आहे. तो नसता तर कुठल्याही फालतू संकेतस्थळाला तुमच्या बँकेच्या पानात डोकावता आलं असतं. पण सेलेनियम स्वतःच जावास्क्रिप्ट होतं. त्यामुळे ज्या सर्व्हरवर अ‍ॅप्लिकेशन, त्याच सर्व्हरवर सेलेनियमच्या फायली ठेवाव्या लागत. अ‍ॅप्लिकेशन आपलं असेल तर ठीक. परक्या सर्व्हरवर असेल तर काम अडलं.

पहिली पळवाट म्हणजे ‘रिमोट कंट्रोल’, टेस्टरांच्या बोलीत आरसी. ब्राउझर आणि अ‍ॅप्लिकेशन यांच्यामध्ये एक प्रॉक्सी सर्व्हर बसवला. ब्राउझरला वाटायचं, पान आणि सेलेनियम एकाच ठिकाणाहून येतंय. आरसीमुळे टेस्ट जावा, पायथन, रुबी अशा भाषांत लिहिता येऊ लागल्या. युक्ती भारी होती, पण ती टिकवणं जिकिरीचं होतं.

दरम्यान जपानमध्ये शिन्या कासातानी यांनी फायरफॉक्ससाठी सेलेनियम आयडीई हे जोडसाधन लिहिलं आणि २००६ मध्ये ते प्रकल्पाला देऊन टाकलं. आपण क्लिक करायचं, त्याने टिपून घ्यायचं आणि पुन्हा करून दाखवायचं. नवशिक्यांचं हे आजही लाडकं आहे. माझं मत विचाराल तर शिकायला ते उत्तम, नोकरीत बेभरवशाचं: पानाची मांडणी जरा हलली की टिपलेली टेस्ट कोसळते.

ब्राउझरच्या त्या नियमाशी झटापट न करता त्याच्या बाहेरच उभं राहायचं, हा विचार सायमन स्ट्युअर्ट यांचा. तेही थॉटवर्क्सचेच. त्यांच्या वेबड्रायव्हरने पानात जावास्क्रिप्ट घुसवण्याऐवजी ब्राउझरलाच बाहेरून हुकूम द्यायला सुरुवात केली. सेलेनियमला जास्त ब्राउझर चालवता येत, वेबड्रायव्हरला नियमाची आडकाठी नव्हती. २००९ मध्ये दोन्ही प्रकल्प एक करायचं ठरलं आणि जुलै २०११ मध्ये सेलेनियम २ आलं. आज क्लासमध्ये शिकवतात ते वेबड्रायव्हरचं घराणं; हगिन्सचं मूळ जावास्क्रिप्ट इंजिन हळूहळू निवृत्त झालं.

पुढचं पाऊल मला या साऱ्या कथेत सर्वांत मोठं वाटतं. जून २०१८ मध्ये वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने वेबड्रायव्हरला अधिकृत मानक केलं. ज्या ब्राउझरांना चकवून हे साधन जगलं, त्यांचेच निर्माते आता त्यासाठी ड्रायव्हर, म्हणजे हुकूम ब्राउझरपर्यंत पोचवणारे प्रोग्राम, पुरवतात. गुगलचा क्रोमड्रायव्हर, मोझिलाचा गेकोड्रायव्हर ही त्याचीच उदाहरणं. गंमत अशी की नंतर आलेलं सायप्रेस हे टेस्टिंगचं साधन पुन्हा ब्राउझरच्या आत शिरून काम करतं, आणि त्यालाही त्याच जुन्या नियमाशी जुळवून घ्यावं लागलं आहे.

सुरुवात करणाऱ्याला ही वंशावळ ठाऊक असली तर बरंच सोपं जातं. तुमचा कोड ब्राउझरच्या बाहेर असतो. पान कधी तयार होईल हे त्याला आपोआप कळत नाही. म्हणून बटन दिसण्याआधीच तो क्लिक करायला धावतो आणि टेस्ट कधी पास, कधी फेल होते. तिथे सरसकट पाच-दहा सेकंद थांबवण्यापेक्षा ‘हे बटन दिसेपर्यंत थांब’ अशी अट घाला. पहिली टेस्ट लॉगिनच्या पानाची लिहा. लोकेटर, म्हणजे पानावरची वस्तू शोधायची खूण, म्हणून तिचा आयडी मिळाला तर तोच घ्या, पानाच्या रचनेतून वाट सांगणाऱ्या लांबलचक एक्सपाथच्या नादी लागू नका. ब्राउझरच्या आवृत्तीशी जुळणारा ड्रायव्हर शोधत बसण्यात पूर्वी नवशिक्याचा पहिला दिवस जायचा. २०२२ च्या ४.६ आवृत्तीपासून तो ड्रायव्हर सेलेनियम स्वतःच शोधून आणतं.