कच्ची वही, पक्की वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढीवर नव्या वह्यांची पूजा होते. पहिल्या पानावर ‘श्री’ उमटते, हळदकुंकू वाहिले जाते. शेजारच्या संगणकालाही हल्ली कुंकवाचे बोट लागते. हा मान अनाठायी नव्हे. वहीची आणि त्याची सोयरीक जुनी आहे.

1494 साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूचा गणितावरील ग्रंथ छापून निघाला. तिथल्या व्यापाऱ्यांची हिशेबाची रीत त्याने त्यात सांगितली. वह्या तीन. पहिली कच्ची टिपणवही. मालकाने, गुमास्त्याने, लिहिता येत असेल तर घरच्या बायकांनीसुद्धा, व्यवहार घडेल तसा आणि ज्या नाण्यात घडेल त्या नाण्यात तिच्यात टिपायचा. दुसरी रोजकीर्द. तीत त्याच नोंदी जमा-नावे लावून, नेटक्या भाषेत उतरायच्या. तिसरी खतावणी. तीत ज्याचे त्याचे खाते आणि सगळी रक्कम एकाच चलनात!

पाचशे वर्षांनी मोठ्या कंपन्यांपुढे हाच प्रश्न आला. विक्रीचा हिशेब एका यंत्रात, गुदामाचा दुसऱ्यात, वसुलीचा तिसऱ्यात. आणि गिऱ्हाईक एकच असूनही त्याची नावे तीन. 1988 साली आयबीएमच्या बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी एका लेखात यावर ‘बिझनेस डेटा वेअरहाउस’, म्हणजे व्यवसायाच्या माहितीचे कोठार, ही कल्पना मांडली. 1992 साली बिल इनमन यांचे आणि 1996 साली राल्फ किंबॉल यांचे पुस्तक आले, आणि कोठारे बांधण्याचे शास्त्रच तयार झाले.

कोठार भरण्याची कामे तीन : उचलणे, पालटणे, भरणे. पहिले आणि तिसरे हमालीचे. खरी कसोटी मधल्याची. एकीकडे ‘बॉम्बे’, दुसरीकडे ‘मुंबई’. ते एक करायचे. कुठे डझन, कुठे नग. त्यांचा मेळ घालायचा. 3/4 ही तारीख आपल्याकडे तीन एप्रिल, अमेरिकेत चार मार्च. आणि रकाना कोराच असला तर?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आम्हां मास्तर मंडळींनी पूर्वीच देऊन ठेवले आहे. मूल शाळेत यायचे. जन्मतारीख आईबापांना ठाऊक नसायची. मागल्या पिढीतले गुरुजी खुशाल ‘1 जून’ लिहीत. रजिस्टर कसे स्वच्छ झाले! परंतु महाराष्ट्रात त्यामुळे हजारो माणसे एकाच दिवशी जन्मली, आणि 31 मे उजाडला की कचेऱ्याकचेऱ्यांतून निरोपसमारंभांची झुंबड उडू लागली. त्यांतली खरी जन्मतारीख कोणाची आणि गुरुजींची कोणाची, हे आता ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. रकाना कोरा राहता, तर निदान अज्ञान तरी शाबूत राहिले असते.

म्हणून जाणते कोठीदार आलेली माहिती पालटण्यापूर्वी जशीच्या तशी एका बाजूस राखून ठेवतात. एसएपी या जर्मन कंपनीच्या ‘बिझनेस वेअरहाउस’मध्ये तर त्यासाठी एक वेगळी जागाच योजलेली होती. पुढे हिशेबात चूक निघाली, तर तिथवर मागे जाता येते.

पक्की वही सुबक असते; निर्णय तिच्यावरूनच होतात. पण ती कोणाच्या तरी हातून सुबक झालेली असते, आणि तो हात चुकू शकतो. तेव्हा, वाचकहो, यंदा पक्क्या वहीची पूजा जरूर करा. मात्र गेल्या सालची कच्ची वही रद्दीत घालू नका. एखादे कुंकवाचे बोट तिच्याही कपाळी लावा.