प्रतिकृती विमान, रेडिओनियंत्रित

जमिनीवरून रेडिओलहरींनी चालवले जाणारे छोटे विमान. महाराष्ट्रात मुंबई, पुणे व नागपूर येथे एनसीसीच्या हवाई शाखेची पथके असून विमान-प्रतिकृती हा त्यांच्या प्रशिक्षणाचाच भाग आहे. नवशिक्याने फोमचे, धडाच्या वर पंख असलेले विमान घ्यावे. पंखांची टोके किंचित उचललेली असल्याने कलले तरी ते स्वतःच सावरते.

जोडणीत खरी मेख गुरुत्वमध्याची. तो पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण २५ ते ३३ टक्क्यांवर यावा. तिथे पंखांखाली दोन बोटे टेकवून विमान उचलावे. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवावी. शेपूटजड विमान उडते खरे, पण हाताळता येत नाही. ट्रान्समीटरवरची काठी उजवीकडे नेल्यावर उजव्या पंखाची मागची पट्टी वर उचलली जावी. प्रोपेलर सर्वांत शेवटी बसवावा. सुरू करताना आधी ट्रान्समीटर, मग बॅटरी. बंद करताना उलट क्रम.

बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजासारख्या ठिकाणी सोयाबीन निघाल्यावर मोकळी झालेली, विजेच्या तारांपासून दूरची शेते सोयीची. वेळ वारा पडलेल्या सकाळची. तिथल्या बालाजीच्या यात्रेच्या गर्दीजवळ विमान उडवूच नये. उड्डाण व उतरणे दोन्ही वाऱ्याच्या तोंडाने करावे. विमान आपल्याकडे येताना डावे-उजवे उलटे भासते. बहुतेक नवशिके इथेच फसतात. भारतात अशा विमानांना ‘ड्रोन नियम, २०२१’ लागू आहेत.