लष्करी वस्तू, ब्रिटिशकालीन : (संग्रहालयीन).

ब्रिटिश अमदानीत भारतातील सैन्याने वापरलेल्या संगिनी, सुऱ्या, काडतुसे, तोफगोळे व सैनिकांच्या नित्योपयोगी वस्तू यांचा या संज्ञेत समावेश होतो. अशा वस्तूंवर सामान्यतः सरकारी मालकीचे बाणचिन्ह, कारखान्याची अक्षरे व निर्मितीचे वर्ष कोरलेले असते. त्यावरून वस्तू कोठे व केव्हा तयार झाली, हे निश्चित करता येते. ती कोणी वापरली, हे मात्र धातूवरून क्वचितच कळते. त्यासाठी संग्रहालयाची नोंदवहीच आधारभूत ठरते.

धारदार शस्त्रांत १९०७ च्या नमुन्याची संगीन विशेष परिचित आहे. तिचे पाते सुमारे ४३ सेंमी. लांब असून तिची रचना जपानी संगिनीवरून घेतलेली होती. बंगालमधील ईशापूर येथील बंदुकीच्या कारखान्यातही ती तयार होई. दुसऱ्या महायुद्धात लांब पाते गैरसोयीचे ठरल्याने भारतात सुमारे ३० सेंमी. पात्याच्या संगिनी करण्यात आल्या. गुरखा पलटणींची खुकरी ही मूळची नेपाळी सुरी सरकारी सामग्रीत समाविष्ट झाली. याउलट, दुधारी फेअरबर्न-साइक्स सुरी १९४१ पासून छापामार तुकड्यांसाठी इंग्लंडमध्ये बनविण्यात आली.

काडतुसांच्या इतिहासाशी महाराष्ट्राचा निकटचा संबंध आहे. १८५३ च्या एन्फील्ड बंदुकीचे काडतूस कागदी असून ते दातांनी फाडावे लागे. त्याला लावलेल्या चरबीविषयीचा संशय हे १८५७ च्या उठावाचे एक तात्कालिक कारण होय. पुढे धातूच्या पुंगळीची काडतुसे प्रचारात आली. ज्या खडकीच्या रणभूमीवर ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांचा पराभव झाला, त्याच खडकीत १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना स्थापन झाला. येथील ·३०३ इंच व्यासाच्या काडतुसाच्या बुडावर ‘के’ व ‘एफ’ ही इंग्रजी अक्षरे व त्यांमध्ये बाण आढळतो. म्हणजेच ‘ब्रिटिश’ म्हणून दाखविल्या जाणाऱ्या अनेक वस्तू भारतीय कामगारांच्या हातच्या आहेत.

त्या वापरणारे हातही बहुधा भारतीयच होते. १९१४ च्या नाताळात राजकन्या मेरी हिच्या नावे सैनिकांना पितळी डब्या भेट देण्यात आल्या. अनेक भारतीय सैनिकांना त्यासोबत खडीसाखर व मसाल्याची डबी मिळाली. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत शत्रूच्या मशिनगनच्या ठाण्यावर एकट्याने चाल केली. गोळ्यांचे नवे मॅगझीन चढविण्यास वेळ नसल्याने त्यांनी बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार केले व त्यानंतर ते स्वतः धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. अशा वृत्तांताची जोड मिळाली, की दालनातील बंदुकीचा साधा लाकडी दस्ताही इतिहासाचे साधन बनतो.

विदर्भात नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय (स्थापना १८६३) सर्वांत जुने असून त्यात शस्त्रविभाग आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याजवळील शिवणी येथे १७ एप्रिल १८१८ रोजी कर्नल ॲडम्सने दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याचा पराभव केला व त्याच्या उरलेल्या तोफा हस्तगत केल्या. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच बाजीराव शरण गेला. अशा रणक्षेत्राच्या परिसरात मिळणारी शिशाची गोळी वा लोखंडी गोळा जागेच्या नोंदीशिवाय उचलला, तर त्याचे निम्मे मोल नष्ट होते. कारण गोळ्यांच्या विखुरण्यावरून सैन्याची मांडणी व माघारीची दिशा समजू शकते.

दारूगोळ्याच्या जतनात सुरक्षिततेस अग्रक्रम द्यावा लागतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावरील स्फोटकांना आग लागून शेकडो लोक मृत्युमुखी पडले; त्यांत अग्निशामक दलाचे जवानही होते. यवतमाळ जिल्ह्याला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात पुलगावनजीक २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जणांचा बळी गेला. दारूगोळा जुना झाला म्हणून निरुपद्रवी होत नाही. उलट काही स्फोटके कालांतराने अधिक अस्थिर होतात. शेतात वा भंगारात गोळा आढळल्यास त्यास स्पर्श न करता पोलिसांना कळविणे आवश्यक असते. तज्ञांनी निकामी केल्याची खात्री झाल्यावरच तो प्रदर्शनात ठेवतात.

पितळ व पोलाद अतिरिक्त घासून चकचकीत केल्यास कोरीव अक्षरे झिजतात. म्हणून शक्यतो कोरड्या हवेत, कमीत कमी हाताळणी करून वस्तू जपतात. भारतीय पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून कमी नाही इतक्या जुन्या वस्तू पुरावस्तू ठरू शकतात. त्यामुळे पहिल्या महायुद्धातील वस्तूही आता या कालमर्यादेत आल्या आहेत. घरोघरी राहिलेली पदके, डब्या व पत्रे संग्रहालयास देताना सैनिकाचे नाव, गाव, पलटण व वस्तू घरात कशी आली याची हकीकत लिहून देणे इष्ट होय. कारखान्याचे नाव पितळ सांगते. सैनिकाचे नाव त्याच्या घरच्यांनीच सांगावे लागते.