कॉन्टिनेन्टल काँग्रेस आणि परराष्ट्र सचिवाचे पद (१७७५–१७८९)

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा इतिहास बहुधा १७८९ च्या कायद्यापासून सांगितला जातो. तत्पूर्वीची चौदा वर्षे हे काम कॉन्टिनेन्टल काँग्रेस या विधिमंडळाच्याच हाती होते. काँग्रेसने त्यासाठी माणसे नेमली. अधिकार मात्र सहसा सोपविला नाही.

२९ नोव्हेंबर १७७५ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या घोषणेपूर्वीच, काँग्रेसने बेंजामिन फ्रँकलिन, जॉन जे प्रभृती पाच सभासदांची गुप्त पत्रव्यवहार समिती नेमली. या समितीने सायलस डीन यास १७७६ मध्ये व्यापाऱ्याच्या मिषाने फ्रान्सला पाठविले. एप्रिल १७७७ मध्ये तिचे नामांतर परराष्ट्र व्यवहार समिती असे झाले. नाव भारदस्त झाले, पण महत्त्वाचे निर्णय काँग्रेस स्वतःच घेत राहिली. समितीचा चिटणीस थॉमस पेन याने फ्रेंच मदतीची गुप्त माहिती वृत्तपत्रातून उघड केली व जानेवारी १७७९ मध्ये त्यास पद सोडावे लागले. पुढे जेम्स लव्हेल हा एकटा सभासदच जवळजवळ समिती होऊन बसला.

या दुरवस्थेमुळे १० जानेवारी १७८१ रोजी स्वतंत्र खाते स्थापन करण्यात आले. सचिवपदी ऑगस्टमध्ये रॉबर्ट लिव्हिंग्स्टन निवडून आले. त्यामागे फ्रेंच वकील ला लुझर्न याचे वजन होते, ही बाब नवस्वतंत्र राष्ट्राला फारशी भूषणावह नव्हती. फेब्रुवारी १७८२ च्या ठरावाने सचिवाची कर्तव्ये निश्चित झाली. तहासंबंधीची पत्रे रवाना करण्यापूर्वी काँग्रेसची संमती आवश्यक ठरली. दप्तर कोणाही सभासदास पाहण्यास खुले राहिले. केवळ गुप्त कागदांची नक्कल घेण्यास परवानगी लागे. सचिव हा मंत्री नव्हता, वरिष्ठ कारकून होता, असेच म्हणावे लागते. लिव्हिंग्स्टन यांनी जून १७८३ मध्ये पद सोडले. ३ सप्टेंबर रोजी पॅरिसमध्ये इंग्लंडशी अंतिम तह झाला, तेव्हा ही खुर्ची रिकामीच होती.

डिसेंबर १७८४ मध्ये जॉन जे यांनी कारभार हाती घेतला. आपले कारकून आपणच नेमण्याचा अधिकार त्यांनी आग्रहाने मिळविला व पदाला प्रतिष्ठा आणली. तरीही स्पेनचा प्रतिनिधी गार्दोकी याच्याशी वाटाघाटी करताना मर्यादा उघड झाल्या. व्यापारी सवलतींच्या मोबदल्यात मिसिसिपी नदीतील नौकानयनाचा आग्रह काही वर्षे सोडण्यास ऑगस्ट १७८६ मध्ये उत्तरेकडील सात राज्ये अनुकूल झाली. दक्षिणेकडील पाच विरोधात गेली. तहासाठी नऊ राज्यांची संमती लागत असल्याने वाटाघाटी तेथेच अडल्या. हा दोष व्यक्तीचा नव्हे, रचनेचा होता.

नव्या संविधानानुसार २७ जुलै १७८९ रोजी हे खाते राष्ट्राध्यक्षांच्या अधीन आले. सचिवास सिनेटच्या संमतीविना पदच्युत करण्याचा राष्ट्राध्यक्षांचा अधिकार या कायद्यात मान्य करावा की नाही, यावर सिनेटमध्ये समसमान मते पडली. उपराष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांच्या निर्णायक मताने तो टिकला.