कफर्णहूम : ग्रंथ आणि माती

शुभवर्तमाने आपण बहुधा ग्रंथ म्हणून वाचतो. कफर्णहूमला मात्र या ग्रंथाशेजारी माती ठेवून वाचता येते. गालील समुद्राच्या वायव्य काठावरील हे मासेमारांचे गाव. नावाचा अर्थ ‘नहूमचे खेडे’. नासरेथ सोडून येशू येथे येऊन राहिला. मत्तय तर यास त्याचे स्वतःचे नगर म्हणतो.

एडवर्ड रॉबिन्सन यांनी १८३८ मध्ये येथील भग्नावशेष पाहिले. हेच कफर्णहूम, असे चार्ल्स विल्सन यांनी १८६६ मध्ये मांडले. १८९४ मध्ये फ्रान्सिस्कन संन्याशांनी ही जागा विकत घेतली. १९६८ पासून कोर्बो आणि लोफ्रेदा यांनी येथे विस्तृत उत्खनन केले.

आज डोळ्यांत भरते ते पांढऱ्या चुनखडीचे सभास्थान. लूकच्या कथेत रोमी शताधिपतीने बांधून दिलेले सभास्थान ते हेच, असे वाटण्याचा मोह होतो. परंतु त्याच्या फरशीखालील नाण्यांवरून बहुतेक अभ्यासक ते चौथ्या-पाचव्या शतकातील मानतात. त्याखाली काळ्या बेसाल्टच्या जुन्या भिंती आहेत. त्या पहिल्या शतकातील सभास्थानाच्या की घरांच्या, याविषयी मतभेद आहेत.

येथील घरेही त्याच काळ्या दगडाची. चुन्याविना रचलेल्या भिंतींवर वासे, फांद्या आणि माती यांचे हलके धाबेच पेलणार. पक्षाघाती माणसास आत सोडण्यासाठी छप्पर उकरले, असे मार्क लिहितो; लूक तेथे कौले घालतो. तेव्हा हे दोन शब्द केवळ पाठभेद राहत नाहीत. मार्कच्या शब्दाला गालीलचे घर ठाऊक आहे. लूकच्या डोळ्यांपुढे त्याच्या वाचकांच्या नगरांतील घरे असावीत.

सभास्थानाच्या दक्षिणेस एका साध्या घरावर पाचव्या शतकात अष्टकोनी चर्च उभे राहिले. त्याआधीच त्या घरातील एका खोलीच्या भिंतींना गिलावा झाला होता आणि यात्रेकरूंनी त्यावर ग्रीक, सुरियानी अक्षरांत प्रार्थना कोरल्या होत्या. हे पेत्राचे घर, अशी परंपरा आहे. तेथे त्याचे नाव वाचल्याचा दावा मात्र सर्वमान्य नाही.

आम्हांस विचारात टाकते ते हे : अद्भुत कृत्ये पाहूनही न बदललेल्या या गावास येशूने कठोर शब्दांत धिक्कारले. आणि त्याच गावातील एका खोलीच्या भिंती श्रद्धेच्या अक्षरांनी भरल्या. चमत्कार घडला की नाही, हे माती सांगत नाही. परंतु शब्द ऐकून कोणी कुठे येऊन गुडघे टेकले, एवढे ती निश्चित सांगते.