गरम इंजिन, ओलं फडकं आणि कारणाचा शोध

मंडळी, कार्यकारणभाव हा विषय आज पोथीतून काढून जरा रस्त्यावर आणू. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होणारी पेट्रोलची जुनी गाडी. दहिसरहून कांदिवलीला येते, बाजारात वीस मिनिटं थांबते, आणि मग सेल्फ नुसता फिरत राहतो. तासाभराने, इंजिन निवल्यावर, तीच गाडी मुकाट्याने सुरू! या तक्रारीला इतिहास आहे. तो ठाऊक नसला की खिशाला चाट बसते.

हा इतिहास कुर्ल्यात सुरू होतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, तिथे बनायची. तिचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला. पेट्रोलचे हलके घटक उघड्यावर पस्तीस-चाळीस अंशांनाच उकळू लागतात. पंपात वाफ साचली की पेट्रोल पुढे सरकत नाही. म्हणून आपले टॅक्सीवाले बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचे. हसू नका, निदान आणि उपाय दोन्ही अचूक होते.

मग काळ बदलला. १९९८ मध्ये सँट्रो इंजेक्शन घेऊनच आली. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीसाठी धुराचे नियम कडक केले. भारत स्टेज दोन २००० मध्ये दिल्लीत आणि २००१ मध्ये मुंबईत आलं. कार्बुरेटर मागे पडला. पंप टाकीत गेला आणि पेट्रोल साधारण तीन बार दाबाखाली आलं. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो. म्हणजे वाफेचा प्रश्न सुटायला हवा होता. तक्रार मात्र त्याच शब्दांत राहिली: ‘गरम झाली की सुरू होत नाही.’ शब्द तेच, कारण वेगळं. फडकं टाकायला आता पंप समोर नाही.

इथे आपले नैयायिक मदतीला येतात. धूर तिथे अग्नी, हे खरं. पण अग्नी तिथे धूर, असं म्हणता येत नाही, कारण धुराला ओलं सरपणही लागतं. त्याला ते ‘उपाधी’ म्हणतात. गाडी बंद केल्यावर वाहतं पेट्रोल थांबतं, इंजिनाची उष्णता वर पसरते. हे प्रत्येक गाडीत होतं. तरी बहुतेक गाड्या सुरू होतात. तेव्हा नुसती उष्णता हे कारण नव्हे. उपाधी शोधायची.

ती अशी. किल्ली ‘ऑन’ करा, टाकीतल्या पंपाची दोन-तीन सेकंदांची घरघर ऐका, बंद करा. असं दोन-तीनदा करून मग सेल्फ मारा. लगेच सुरू झाली, तर दाब उतरला होता: पंपातला व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर. याने फरक पडला नाही, पण अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सुरू झाली, काळा धूर आणि पेट्रोलचा वास आला, तर पेट्रोल जास्त होतं. इंजेक्टर गळतोय, किंवा पाण्याच्या तापमानाचा सेन्सर खोटं सांगतोय. अशा सेन्सरचा रोध वीस अंशांना साधारण अडीच हजार ओहम असतो आणि ऐंशी अंशांना तीनशेच्या आसपास येतो. गरम इंजिनातही तो हजारांत राहिला, तर संगणकाला इंजिन थंडच वाटतं. दोन्ही उपाय फसले, ठिणगीच नाही आणि निवल्यावर ती परत येते, तर क्रँक सेन्सरवर संशय घ्या. दाबाचा गेज मात्र मेकॅनिकलाच लावू द्या. त्या नळीत दाबाखालचं पेट्रोल असतं. गाडी बंद केल्यावर काटा किती वेळ टिकतो, ते शेजारी उभं राहून पाहा.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ती असताना कार्य होतं का, नसताना थांबतं का? हाच अन्वय-व्यतिरेक. बॅटरी, प्लग, पंप एकदम बदलले, तर गाडी कदाचित सुरू होईलही. पण का झाली ते मालकालाही कळणार नाही आणि मेकॅनिकलाही. पैसे जातील, ज्ञान मिळणार नाही. निवृत्तिवेतनावर जुनी गाडी सांभाळणाऱ्याला ही चैन परवडत नाही.

ओल्या फडक्याचा उपाय आता कालबाह्य झाला. पण ते टाकणाऱ्याने उष्णता नेमकी कुठे अडवते ते शोधलं होतं. तो शोध घेण्याची सवय टिकवायची. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.